डाव्या मडगार्डावरचा बगळा

मी एक जुना मडगार्ड आहे, आणि दुसरे महायुद्ध दोस्तराष्ट्रांनी माझ्या जोरावर जिंकले. विधान जरा मोठे वाटेल, म्हणून लगेच आटोपशीर करतो. एका तीन टनी लॉरीच्या पुढच्या डाव्या चाकाचा जो चिखल ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या तोंडावर उडाला असता, तो मी अडवला. ड्रायव्हरशेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी असे.

मित्रांनो, आत्मवृत्तात सहसा आपल्या गुणांविषयी लिहायचे असते. मी मत्सराविषयी लिहिणार आहे. माझ्या अंगी दुसरा गुण नाही असे नाही, पण गेली काही वर्षे मी पूर्णवेळ काम तेवढेच करतो आहे आणि त्यात माझा हात बसला आहे.

माझा जन्म १९४२ साली इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसखाली झाला. प्रेसवर दोन बाया असत. त्यांतली एक दिवसभर आपल्या सासूविषयी बोले आणि प्रत्येक वाक्य संपले की प्रेस खाली आणी. माझी कमान इतरांपेक्षा जरा खोल आहे, ती त्या दिवशीच्या एखाद्या जोरकस वाक्यामुळे असावी. मग मला एका नव्या कोऱ्या लॉरीला बोल्ट मारून बसवले, खाकी रंग दिला आणि बगळा डिव्हिजनमध्ये धाडले.

त्या काळी फौजेतल्या प्रत्येक गाडीच्या अंगावर दोन खुणा असत. उजव्या मडगार्डावर रंगीत चौकोन आणि त्यात पांढरा आकडा. गाडी कुठल्या तुकडीची ते त्यावरून कळे. डाव्या मडगार्डावर डिव्हिजनचे चित्र. आकडा कारकुनांसाठी होता आणि चित्र माणसांसाठी. आमचे चित्र म्हणजे निळ्या चौकोनावर पांढरा बगळा. पत्र्याचा साचा ठेवून वर रंग फिरवायचा, अशी पद्धत होती. पण आमच्या कंपनीचा साचा कुणीतरी हरवला आणि काम एका कॉर्पोरलच्या गळ्यात पडले. तो शांततेच्या काळात दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवत असे. त्याने सगळे बगळे हातानेच काढले, आणि पाय काढायचा कंटाळा म्हणून सगळे एका पायावर उभे केले. पुढे याच आळसावर मोठमोठ्या माणसांनी संशोधन केले, ते यथावकाश येईलच.

माझ्या लॉरीच्या ड्रायव्हरचे नाव अर्नेस्ट पॉग्सन. यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरणीत कामाला असलेला, बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. कुठेही थांबलो की उजव्या हातात चहाचा मग आणि डावा हात माझ्यावर, असा तो उभा राही. नॉर्मंडीला उतरण्याच्या आठवडाभर आधी त्याला मुलगी झाली. रजा बंद झाल्या होत्या, त्यामुळे त्याने ती पाहिली नाही. तिचे नाव मेव्हिस ठेवल्याचे पत्र त्याला फ्रान्समध्ये मिळाले. त्या दिवशी दुसऱ्या एका ड्रायव्हरने त्याचा फोटो काढला: एक हात माझ्यावर, बोटांच्या शेजारी बगळा. तो फोटो घरी गेला.

अर्नेस्ट ऑक्टोबरपर्यंत माझ्याबरोबर होता. हॉलंडमध्ये एका सकाळी तो चहासाठी पाणी आणायला शंभर पावले गेला, आणि तेवढ्यात तोफेचा एक गोळा आला. लॉरीला काही झाले नाही. मला तर चराही पडला नाही. दुपारी दुसरा ड्रायव्हर आला, त्याने सीट पुढे ओढून घेतली आणि आम्ही निघालो.

युद्ध संपले. माझी लॉरी परत येऊन मोडीत निघाली आणि मी भंगाराच्या ढिगात पडलो. तिथून मला एका लाकूड व्यापाऱ्याच्या माणसाने उचलले. व्यापाऱ्याने फौजेकडून अशीच एक लॉरी घेतली होती, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या माणसाने ती फाटकाच्या खांबावर घातली होती. तिचा डावा मडगार्ड चेपला होता. त्याच्या जागी मी लागलो.

या लॉरीची ओळख करून देणे मला भाग आहे, कारण पुढचे सगळे दुःख तिच्याच पायी आहे. तिने संपूर्ण युद्ध लिंकनशरमध्ये गाद्या वाहण्यात घालवले. कोठारातून गाद्या छावणीत न्यायच्या, छावणीतून पुन्हा कोठारात आणायच्या. शत्रू तिने एकदाच पाहिला. तो कैदी होता आणि गाद्या उतरवायला मदत करत होता. तिचा उजवा मडगार्ड तिच्याबरोबरच कारखान्यातून आलेला, म्हणजे घरचा. मी बाहेरचा. तो मला हे बोलून दाखवत नसे, पण त्याच्या बोल्टांचा गंज आणि लॉरीचा गंज एकाच रंगाचा होता आणि माझा वेगळा दिसे. मत्सर म्हणजे काय हे मला पहिल्यांदा तिथे कळले. मग व्यापाऱ्याने आम्हा सगळ्यांनाच लालभडक रंग देऊन टाकला आणि माझा बगळा रंगाखाली गेला. पुढे हिरवा रंग आला, त्यावर निळा आला, आणि शेवटी लॉरी एका शेतात खाजकुयलीत उभी राहिली. तिथे तिच्यात कोंबड्या राहू लागल्या. त्यांतली एक अंडी घालायला नेमाने माझ्याखाली येई. आयुष्यात माझ्यावर कुणी निखळ प्रेम केले असेल तर तिने, आणि तिलाही मुख्यतः आडोसा हवा होता.

विल्फ अक्रॉइडने आम्हाला शोधून काढले तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. विल्फ बसच्या डेपोत फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आमच्या खोऱ्यात निवृत्त माणसे दोन प्रकारची असतात, कबुतरे पाळणारी आणि फौजी गाड्या दुरुस्त करणारी. दोघांच्याही बायका एकाच चेहऱ्याने खिडकीतून बघतात. विल्फची बायको ग्लेनिस हिने घरामागे फुलझाडांसाठी काचेची खोली मागितली होती. आम्ही अंगणात उतरलो तेव्हा ती चहाचा टॉवेल हातात घेऊन बाहेर आली आणि लॉरीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मी टोमॅटोंसाठी घर मागितलं होतं, विल्फ. तू कोंबड्यांचं आणलंस."

विल्फने आमच्यावर अकरा वर्षे काम केले. त्यातले पहिले दोन हिवाळे तो नुसता रंग काढत होता. हे काम असे चालते. अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा आणि एकाच ठिकाणी हळूहळू गोल फिरवायचा. निळा जातो, मग हिरवा, मग लाल, झाडाच्या बुंध्यासारखी एकात एक कडी दिसू लागतात. घाई केली की ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तेच हातातून धुऊन जाते. एका दुपारी माझ्या लाल रंगाखालून एक पांढरी चोच बाहेर आली. विल्फ थांबला. घरात गेला, साबणाने हात धुऊन आला, आणि मग पुढे घासू लागला. जुन्या गाड्यांच्या माणसाने काम सुरू करण्याआधी हात धुतलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेविल बॅराक्लफला बोलावणे गेले. नेविल भूगोलाचा मास्तर होता. शाळा सुटल्यापासून तो फौजी खुणांमागे लागला होता आणि त्याच्याकडे बेचाळीस फायली होत्या. नखाएवढा रंगाचा पोपडा दाखवला तरी तो डिव्हिजन, तुकडी आणि सहसा महिनाही सांगत असे. बगळा पाहायला तो गळ्यात दोरीने भिंग अडकवून आला आणि माझ्यापुढे गुडघे टेकून चोचीपासून खालपर्यंत इंच इंच तपासू लागला.

"एकच पाय आहे," तो म्हणाला.

"दुसरा मी घासून काढला की काय?" विल्फचा चेहरा पडला.

"नाही रे. दुसरा कधी नव्हताच. अख्ख्या बगळा डिव्हिजनमध्ये एकाच कंपनीचे बगळे लंगडे होते. माझ्याकडे त्यांचे फोटो आहेत. तू आधी खाली बस. तुझी लॉरी नॉर्मंडीला उतरलेली आहे."

विल्फ पालथ्या बादलीवर बसला. मला इतका अभिमान वाटला की माझ्या कडेचा थोडा गंज गळून पडला.

मग उजव्या मडगार्डाची पाळी आली. त्याचे रंग काढल्यावर चौकोन मिळाला आणि आकडाही मिळाला, पण तो आकडा त्या कंपनीचा नव्हता. कुठल्यातरी कोठाराचा होता. नेविलने फायली उलटसुलट केल्या, भिंग पुसले, शेजारच्या दोन गाड्यांच्या मालकांचे मत न विचारताच मिळाले. शेवटी त्याने निकाल दिला. दोन मडगार्डांवर दोन वेगळ्या तुकड्या असू शकत नाहीत, म्हणजे एक मडगार्ड बाहेरचा आहे. आणि इतका दुर्मीळ बगळा डावीकडे असताना बाहेरचा कोण हे सांगायला भूगोल लागत नाही. उजवा.

मित्रांनो, उजवा मडगार्ड त्या लॉरीबरोबर जन्मला होता. तिच्याबरोबर त्याने साडेतीन वर्षे गाद्या वाहिल्या होत्या. तो काही बोलला नाही. तीन दिवसांनी त्याचा एक बोल्ट आपोआप निखळून खाली पडला, एवढेच. मला खरे सांगण्याची सोय असती तरी मी सांगितले नसते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

माझे हे वैभव पाच आठवडे टिकले. विल्फने माझी आतली बाजू तपासायला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार बाहेर आला. बगळा सोडला तर माझ्यात फारसा पत्रा उरलाच नव्हता. विल्फने एका पत्रेवाल्याकडून नवा मडगार्ड करून आणला. माझ्या बगळ्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती उतरवली, तो कागद नव्यावर ठेवला, आणि नेविल पाठीशी उभा राहून बघत असताना तीन दिवस खपून ती रंगवली. एक पाय. चोच. डोळासुद्धा तितकाच तिरळा. मग उजव्या मडगार्डावरचा कोठाराचा आकडा बुजवून तिथे आमच्या कंपनीचा आकडा घातला. आणि माझा रंग उन्हाने उडू नये म्हणून विल्फने मला शेडमध्ये रबरी नळीशेजारी खिळ्याला टांगले, बगळ्याचे तोंड भिंतीकडे करून. त्याने ते काळजीपोटीच केले. माझ्या वाट्याला आलेल्या उपेक्षेत एकही उपेक्षा अशी नाही, जी कुणीतरी काळजीपोटी केलेली नाही.

नव्या मडगार्डाविषयी मी काय सांगावे? गुळगुळीत पोर. आयुष्यात त्याने चिखल पाहिला तो जुन्या फौजी गाड्यांच्या मेळाव्याच्या मैदानात, आणि तोही लगेच कापडाने पुसला गेला. त्याच्याबरोबर माणसे उभी राहून फोटो काढत. लॉरीपुढे पाटी लागली: नॉर्मंडी ते हॉलंड, अमुक कंपनी, लंगड्या बगळ्यांपैकी शिल्लक असलेली एकमेव गाडी. महिन्याभरात लॉरीला ते सगळे आठवूसुद्धा लागले. गाद्यांचे ती नाव काढत नसे. माझे युद्ध तिच्याकडे गेले होते आणि माझा बगळा त्या पोराकडे, आणि मी भिंतीचा गिलावा बघत होतो.

शेडमध्ये शेजारी रॅम्सडेन नावाच्या माणसाची जीप असे. तिच्या खुणा दर वर्षी बदलत. एका उन्हाळ्यात ती छत्रीधारी सैनिकांची होती, पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकनांची. मुलांना काय आवडते ते पाहून रॅम्सडेन रंगवत असे. नेविल तिच्या बाजूला तोंड करून चहासुद्धा पीत नसे. या लोकांमध्ये एक चषक होता. दर ऑगस्टमध्ये, ज्या गाडीच्या खुणा पूर्णपणे सिद्ध करता येतील तिला तो मिळे. परीक्षकांमध्ये नेविल मुख्य होता. विल्फचा दोनदा दुसरा नंबर आला होता, एकदा हेडलाइटच्या काचेमुळे आणि एकदा एका स्क्रूच्या डोक्यामुळे. त्याने चषकासाठी फडताळात जागासुद्धा करून ठेवली होती. ग्लेनिस तिथे तोवर लोणच्याच्या बरण्या ठेवत असे आणि तो त्या काढत असे.

आणि मग मेव्हिस आली.

मेळाव्याला जाणाऱ्या गाड्या सकाळी विल्फच्या अंगणात जमत. इंजिने सुरू करून ठेवायची, बेकनचे सँडविच खायचे आणि मग रांगेने निघायचे. त्या गडबडीत एक सत्तरीच्या घरातल्या बाई अंगणात आल्या. शाळेत मुलांना जेवण वाढण्याच्या कामावरून त्या निवृत्त झाल्या होत्या. लंगड्या बगळ्याची बातमी त्यांनी गावच्या पेपरात वाचली होती आणि दोन बस बदलून आल्या होत्या. पर्समधून त्यांनी एक फोटो काढला. माझे तोंड भिंतीकडे होते, त्यामुळे पुढचे मी ऐकलेले सांगतो.

"हे माझे वडील," त्या म्हणाल्या. "पॉग्सन. हा बगळा तोच ना?"

विल्फने फोटो पाहिला, बगळा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. विल्फ सरळ माणूस. त्याने सांगितले की बाई, पत्रा नवा आहे, बगळा जुन्यावरून उतरवलाय. पण कंपनी तीच आणि लॉरी त्यातलीच. तुमच्या वडलांची हीच होती असं मी म्हणणार नाही, पण नव्हती असंही कुणी म्हणू शकणार नाही.

"मग झालं," मेव्हिसबाई म्हणाल्या. विल्फने नंतर ग्लेनिसला सांगितले तेव्हा मला कळले की मग त्यांनी हात ठेवला होता. नव्यावर. बराच वेळ.

मी तिथून पंधरा फुटांवर होतो. अर्नेस्टचा हात ज्याच्यावर चार महिने होता तो पत्रा रबरी नळीच्या शेजारी लटकत होता, आणि त्याची मुलगी एका पोराला थोपटत होती, ज्याचा पत्रा अर्नेस्ट गेला तेव्हा जमिनीतून खणूनही काढलेला नव्हता. मित्रांनो, मत्सराला माणसे हिरवा म्हणतात की लाल हे मला माहीत नाही. माझा गंजाच्या रंगाचा होता आणि त्या दिवशी तो बराच खोल गेला.

त्या दर ऑगस्टमध्ये येऊ लागल्या. विल्फ त्यांना लॉरीत शेजारच्या जागेवर बसवून मेळाव्याला नेई. ती जागा माझ्याच बाजूची. म्हणजे आता त्या पोराची.

चौथ्या वर्षी जुलैमध्ये नेविल एक पाकीट घेऊन शेडमध्ये आला. हिवाळ्यात विल्फने बॉनेटच्या एका पट्टीखालचा रंग काढला होता आणि लॉरीचा फौजी नोंदणी क्रमांक पहिल्यांदाच पुरा वाचता आला होता. नेविलने तो फौजेच्या जुन्या नोंदवहीत तपासायला पाठवला होता. चषकाच्या आधी सगळे कसे नीट असावे, म्हणून. विल्फ पोर्क पाय, म्हणजे पिठाच्या कवचात भरून भाजलेले मांस, कापत होता.

"सुरी ठेव खाली," नेविल म्हणाला. "ही लॉरी समुद्रापार गेलेलीच नाही. लिंकनशर. गाद्यांचं कोठार. एक्केचाळीस महिने."

"गाद्या?"

"गाद्या. शेवटी शेवटी उशासुद्धा."

विल्फने कापलेला तुकडा पुन्हा होता तिथे लावून ठेवला. "म्हणजे उजवा मडगार्ड..."

"तो अस्सल होता. डावा बाहेरचा. मी उलटं सांगितलं." नेविलने भिंग काढून टेबलावर ठेवले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो."

"पहिल्यांदा?"

"सापडलो पहिल्यांदा."

पुढे ते बराच वेळ बोलत होते. नेविलचे म्हणणे सरळ होते. बगळा उतरवायचा, कोठाराचा आकडा परत घालायचा आणि गाद्यांची लॉरी म्हणून मैदानात जायचे. तेही सिद्ध आहे, चषक त्यालाही मिळतो. उलट गाद्यांची लॉरी दुसऱ्या कुणाकडे नाही. पण बगळा ठेवून फिरायचे, तर तू आणि रॅम्सडेन यांच्यात फरक काय उरला? विल्फला हे सगळे पटत होते. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता, मेव्हिसबाईंना काय सांगायचं. शेवटी नेविल म्हणाला की खरं सांगायचं, आणि चूक माझी आहे तर मीही येतो.

मग विल्फ उठला, माझ्याकडे आला आणि इतक्या वर्षांनी त्याने मला भिंतीपासून फिरवले.

"एवढं खरं आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "हा खरोखर तिथे होता."

त्या क्षणाचे वर्णन मी करणार नाही. लॉरी अंगणात उभी होती आणि दार उघडे होते, एवढेच सांगतो. तिने ऐकले. पोरानेही ऐकले. मला दोघांचीही दया आली नाही.

रविवारी मला घोंगडीत गुंडाळून विल्फच्या मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवले. मेव्हिसबाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून मला त्यावर झोपवले. चहा झाला. नेविलने मास्तरासारखे उभे राहून सगळे सांगितले, नोंदवहीतला कागद दाखवला, आपली चूक कुठे झाली तेही दाखवले. लॉरी तुमच्या वडलांच्या जवळपासही नव्हती. हा मडगार्ड होता. याच कंपनीचा. त्यांच्याच लॉरीचा असेल असं म्हणता येणार नाही, पण आपल्याकडे अस्सल हाच आहे.

माझ्या मनात आले, म्हणता येईल. मला म्हणता येईल. पण मला बोलता येत नाही.

मेव्हिसबाईंनी चष्मा लावून बगळ्याकडे पाहिले. मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला. बगळ्याच्या शेजारी, थेट जिथे अर्नेस्ट ठेवी तिथे. हात बारीक होता, त्याच्यासारखाच. मी सगळे आयुष्य ज्या क्षणासाठी गंजत होतो तो हा, असे मला वाटले.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.

"शेडमध्ये होता ना," विल्फ म्हणाला. मला शेकून आणायला हवे होते, अशा सुरात.

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. "विल्फ, मी पाच महिन्यांची होते. मला त्यांचा आवाज आठवत नाही, वास नाही, काही नाही. तुझ्या लॉरीवर हात ठेवला की आतून धडधड लागते. वर्षातून एक दिवस. याच्यात काही लागत नाही रे."

"पण मेव्हिस, हा अस्सल—" नेविलने सुरुवात केली.

"असेल. मी कुठे नाही म्हणते?" त्या विल्फकडे वळल्या. "तू बगळा उतरवणार आहेस?"

विल्फ नेविलकडे बघेना. नेविलने शांतपणे सांगितले की बगळा राहिला तर यंदाच काय, कधीच मला ही लॉरी चषकासाठी घेता येणार नाही. मैत्री असली तरी नाही. मैत्री आहे म्हणून तर नाहीच.

"मग नको घेऊस," विल्फ म्हणाला. आणि त्यानंतर त्याने चहाच्या कपात इतका वेळ चमचा फिरवला की मेव्हिसबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

लॉरीवर बगळा राहिला. नेविलने पाटी मात्र स्वतः नवीन लिहिली: लॉरी लिंकनशरची, गाद्या वाहणारी, बगळा ड्रायव्हर पॉग्सन यांच्या आठवणीत. पाटी कुणी वाचत नाही. सगळे जण पोराबरोबर फोटो काढतात. ऑगस्टमध्ये मेव्हिसबाई येतात, इंजिन सुरू होते आणि त्या हात ठेवतात. उजव्या मडगार्डाला त्याचा आकडा परत मिळाला. तो पुन्हा घरचा झाला आहे आणि पुन्हा काही बोलत नाही. मला आता त्याचाही मत्सर वाटतो, कारण सत्य कळल्याचा फायदा आम्हा सगळ्यांत त्याला एकट्यालाच झाला.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेडमध्ये, माळ्यावर जुन्या वस्तू असतील. त्यांना ओल लागू देऊ नका. वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवा. त्यांच्यावर काही लिहिलेले असेल तर घाईने घासू नका, आणि शहाण्या माणसाने काही सांगितले तर त्याला दुसरी बाजूही तपासायला सांगा. आणि कृपा करून, कितीही काळजी वाटली तरी, त्यांचे तोंड भिंतीकडे करू नका. त्या काही करत नसल्या तरी बघत असतात.

त्या रविवारी निघताना विल्फने मेव्हिसबाईंना विचारले होते की मडगार्ड तुमच्याकडेच ठेवू का. त्यांनी स्वयंपाकघरात सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि नको म्हणाल्या. त्यांचे घर लहान आहे.